धुराड्यावर टांगलेला टीव्ही

नायजेल ओल्डरॉइडचं आयुष्यात कुणाशी भांडण झालं नव्हतं, कारण भांडायला तोंड उघडावं लागतं. तो पत्रं लिहायचा. नगरपालिकेच्या कचरा विभागात तो उपव्यवस्थापक होता, आणि कुणाच्या डब्याचं झाकण चार बोटं उघडं राहिलं की त्या घरी नायजेलचं तीन परिच्छेदांचं पत्र जाई. पहिल्यात आभार, दुसऱ्यात खेद, तिसऱ्यात दंडाची धमकी. आमच्या हॅगवर्थमध्ये हे पत्र न मिळालेलं घर शोधून सापडायचं नाही. पण समोर कुणी त्याला काही बोललं नाही, कारण आमच्याकडे समोर कुणी कुणाला काही बोलतच नाही. सगळे हवेबद्दल बोलतात आणि घरी जाऊन शिव्या घालतात.

तर या नायजेलला एक साडू होता, आणि साडू असला की माणसाला वेगळा शत्रू पाळावा लागत नाही. डेरेक लॉकवुड त्याचं नाव. लीड्सबाहेरच्या नव्या वसाहतीत राहायचा, लोकांच्या घरामागे काचेच्या खोल्या बांधून द्यायचा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी स्वतःच हसायचा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब त्याच्याकडे उरलेली टर्की खायला जमलं, तेव्हा बैठकीच्या खोलीत भिंतीतल्या शेगडीच्या वर भला थोरला चपटा टीव्ही टांगलेला होता. खाली शेगडीत जाळ नाचत होता. जाळ कसला, लाल दिवा आणि प्लॅस्टिकची लाकडं. नायजेलच्या म्हाताऱ्या सासऱ्याने शेकायला हात पुढे केले आणि दोन मिनिटांनी गुपचूप खिशात घातले.

"तुमचा टीव्ही अजून कोपऱ्यातच का रे? त्या स्टुलावर?" डेरेकने विचारलं आणि हसला. "नाही, सहज विचारलं. कोपऱ्यातही दिसतोच की."

एवढंच. पण नायजेलच्या घशात टर्की अडकली. तो पाणी प्यायला आणि नंतर जे बोलला ते त्याचं त्यालाही नवीन होतं. "आम्हीही वर घेतोय. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आपल्या फुटबॉल क्लबचा चषकाचा सामना आहे ना लंडनवाल्यांशी, तो आमच्याकडे बघायचा. तुम्ही दोघंही या. पंचावन्न इंची."

त्याची बायको जॅनिस शेजारीच बसली होती. घरात पंचावन्न इंची टीव्ही येणार आहे, हे तिलाही तेव्हाच कळलं.

 घरी परतल्यावर ती दारात थांबून म्हणाली, "एक सांगते. बाबांची शेगडी विझायची नाही आणि त्यांची खुर्ची हलायची नाही. बाकी तुला काय टांगायचं ते टांग."

"अर्थातच," नायजेल म्हणाला.

जॅनिसचे बाबा म्हणजे अर्नी हिंचलिफ. वय चौऱ्याऐंशी, त्यातली छत्तीस वर्षं जमिनीखाली गेलेली. खाण केव्हाच बंद झाली, पण निवृत्त खाणकामगाराला घरी जाळायला फुकट कोळसा मिळतो तो चालू होता. बायको वारल्यावर, सहा वर्षांपूर्वी, म्हातारा लेकीकडे राहायला आला तेव्हा सामानात एक बॅग, एक उंच पाठीची खुर्ची आणि मागोमाग कोळशाची गाडी. सकाळी सहाला उठून तो शेगडी पेटवी, राख काढी, आणि दिवसभर तिच्यासमोर बसून राही. बोलणं बेताचंच. कुणी दार उघडं टाकलं की मान न वळवता म्हणायचा, "दार लाव. कोळसा काय झाडाला लागतो?"

यावर नायजेल सहा वर्षं एकच उत्तर देत होता. "अं, खरं सांगायचं तर कोळसा झाडांचाच होतो. तीस कोटी वर्षांपूर्वीच्या." आणि दार उघडंच राही.

हे 'अं' कुठून आलं तेही सांगतो. सासऱ्याला नावाने हाक मारावी की बायकोसारखं 'बाबा' म्हणावं, हे नायजेलचं लग्नाच्या दिवशी ठरलं नाही, आणि मग विचारायची वेळ निघून गेली. एकोणतीस वर्षं तो सासऱ्याशी प्रत्येक वाक्य 'अं'ने सुरू करत होता. अर्नीला वाटायचं जावयाला दम्याचा त्रास आहे.

टीव्ही आला. खोक्यात एक पुस्तिका होती. तिच्या तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा, आणि चौथ्या पानावर, की टीव्ही शेगडीवर लावू नये. नायजेल नियमाचा माणूस. औषधाच्या बाटलीवरचा कागदही शेवटपर्यंत वाचणारा. पण ही दोन पानं त्याने अशी उलटली जशी चिकटलेलीच होती. नियम हे झाकण उघडं ठेवणाऱ्यांसाठी असतात. नायजेलसाठी असते ती परिस्थिती.

शुक्रवारी कामगार क्लबात त्याने विषय काढला मात्र, सल्ले सुरू झाले. आमच्या गावात कुणाला कामधंदा नाही, पण सल्ला प्रत्येकाकडे तयार. एक म्हणाला, ऊब वर जाते, टीव्ही भाजून निघेल. दुसरा म्हणाला, ऊब वर जाते हे जुनं झालं, आता तसं काही राहिलेलं नाही. तिसऱ्याच्या मेहुण्याने असाच लावला होता आणि पुढे त्याचा घटस्फोट झाला. टीव्हीमुळे का, असं विचारल्यावर तो म्हणाला, मी फक्त काय झालं ते सांगितलं.

शेजारच्या एल्सी क्रॅबट्रीने कुंपणावरूनच हाक मारली. आमची घरं जोडीजोडीने बांधलेली. दोन घरांत मिळून एक भिंत, त्या भिंतीत पाठीला पाठ लावून दोन शेगड्या, आणि वर एकच धुराडं, आतून विटांच्या पडद्याने दुभागलेलं. पलीकडची शेगडी एल्सीची. नवरा गेल्यापासून ती तिने पेटवली नव्हती. शेगडीवरच्या फळीवर नुसते चिनी मातीचे दोन कुत्रे बसवून ठेवले होते.

"पोरा, तू भिंतीला भोकं पाडणार आहेस म्हणे," एल्सी म्हणाली. "माझे कुत्रे पडले तर?"

"पडणार नाहीत, मिसेस क्रॅबट्री. सगळं व्यवस्थित होईल."

"लग्नातले आहेत ते. हेरॉल्ड गेला, कुत्रे राहिले." मग तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तू मला डब्याबद्दल पत्र पाठवलं होतंस ना, ऑगस्टमध्ये?"

नायजेल हवेबद्दल बोलू लागला.

अर्नीने दिलेला सल्ला सगळ्यांत लहान होता. "धुराड्यात भोक पाडायच्या आधी आतला पडदा धड आहे का ते बघ. गाव खचलंय. भिंतींचं काही खरं नाही."

"अं, भिंती उत्तम आहेत," नायजेल म्हणाला. "मी ठोकून पाहिल्यात."

छत्तीस वर्षं छताला टेकू देऊन ज्याने जीव वाचवला, त्याला हा पठ्ठ्या भिंत ठोकून दाखवत होता.

टीव्ही बसवायला ग्लेन बूथरॉइड नावाचा कारागीर आला. आल्या आल्या त्याने भिंतीकडे बघून तोंडातून हवा आत ओढली. आमच्याकडचा कुठलाही कारागीर ही हवा ओढल्याशिवाय पिशवी उघडत नाही. "हे कुणी बांधलंय?" असं त्याने विचारलं. घर शंभर वर्षांचं; नायजेलने तरीही माफी मागितली. मग चहा झाला. तीन चमचे साखरेचा. मग बिस्किटं. मग ड्रिल भिंतीत शिरलं आणि पहिल्याच भोकातून दोन ओंजळी काजळी गालिच्यावर आली. दुसऱ्या भोकात खुंटी घातली ती आत गडप झाली आणि धुराड्यातून खाली पडल्याचा आवाज आला. पलीकडून एल्सीने भिंतीवर काठीने तीनदा ठोकलं. ग्लेनने गाडीतून वीतभर लांबीचे बोल्ट आणले, चार भोकं आरपार धुराड्यापर्यंत नेली, आणि दुपारी दोनला टीव्ही वर चढला.

वर म्हणजे चांगलाच वर. खाली फळी, फळीवर अर्नीच्या बायकोचं घड्याळ, त्याच्या वर टीव्ही, आणि टीव्हीच्या वर लगेच छत. शिवाय तो डावीकडे कललेला दिसत होता. उजवं टोक फळीपासून वीतभर, डावं टोक चार बोटं कमी.

ग्लेनने पाणसळ वर धरली. बुडबुडा बरोबर मधोमध. "टीव्ही सरळ आहे," तो म्हणाला. "तुमची फळी वाकडी आहे. छतही. मजलाही वाकडाच आहे, बघा." त्याने खिशातला स्क्रू खाली ठेवला, तो घरंगळत खुर्चीखाली गेला.

"सगळं गावच वाकडंय," खुर्चीतून अर्नी म्हणाला. "खालचा कोळसा आम्ही काढला, ते बसलं. या घरात सरळ दिसायचं तर वाकडंच टांगावं लागतं. माझ्या बायकोनं घड्याळाखाली पुठ्ठा घातलाय तो उगीच नाही."

"मी पाणसळीने लावतो," ग्लेन म्हणाला. "पुठ्ठ्याने नाही." मग त्याने नायजेलकडे वळून कारागिराचा तो प्रश्न विचारला, ज्याला आमच्या देशात एकच उत्तर आहे. "कसं वाटतंय?"

नायजेलने पाहिलं. त्याला दिसत होतं की टीव्ही छताला टेकलाय. त्याला दिसत होतं की तो वाकडा दिसतोय. मनात तीन परिच्छेद तयार झाले, दंडासकट.

"फारच छान," तो म्हणाला. "खरंच, सुरेख काम."

"सुरेख," जॅनिसही म्हणाली.

ग्लेनची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मग दोघं नवराबायको खोलीच्या मधोमध उभे राहून ग्लेनला, त्याच्या बापाला आणि त्याच्या पाणसळीला जे बोलले, ते ऐकायला तो असता तर टीव्ही चार बोटं खाली आणून, वर चहाचे पैसे देऊन गेला असता. दुसऱ्या दिवशी नायजेलने त्याला पत्र लिहिलं. पहिला परिच्छेद आभाराचा होता. तो लिहिता लिहिताच त्याचा राग गेला आणि पत्र आभाराचंच राहिलं.

टीव्ही चढला त्याच संध्याकाळी, दिवसभर कामासाठी बंद ठेवलेली शेगडी पुन्हा पेटली. तासाभराने नायजेलने टीव्हीच्या पोटाला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"अं," तो म्हणाला, "शेगडी बंद करा असं मी म्हणत नाहीये. फक्त थांबवू या. सामना होईपर्यंत. दोन आठवड्यांचाच प्रश्न आहे." आणि त्याने एक विजेचा हीटर आणून अर्नीच्या पायाशी ठेवला. हा हीटर दर तीन मिनिटांनी 'टक' करून बंद पडायचा आणि मग आपण चालू होतो हे विसरायचा.

जॅनिस शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दुसऱ्या दिवशी कामावरून आली तेव्हा शेगडी काळी आणि बाप ओव्हरकोट घालून बसलेला.

"तू मला काय कबूल केलं होतंस?"

"खुर्ची हललेली नाही," नायजेल म्हणाला. "आणि शेगडी मी विझवली नाही. आज पेटवलीच नाही."

जॅनिसने हातातली पिशवी खाली ठेवली. "तुझ्या ऑफिसात बोल असं. इथे नको."

दोन दिवस अर्नी ओव्हरकोटात बसला. वर बघून बघून जॅनिसची मान धरली. शाळेत पोरं विचारू लागली, बाई सारख्या छताकडे काय बघतात. नायजेलचीही मान धरली होती, पण ते कबूल करण्यापेक्षा त्याने मान मोडून घेतली असती. तिसऱ्या दिवशी अर्नीने बादलीत कोळसा भरला आणि न सांगता शेजारी गेला. जेवायला परत आला. गाल लाल, अंगाला धुराचा वास. चौथ्या दिवशी तो सकाळीच गेला. पाचव्या दिवशी खुर्चीही गेली. एल्सीने दार धरलं आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाने ती स्वतः ओढत नेली. जॅनिस कामावर होती. नायजेल घरात होता आणि पडद्याआडून पाहत होता.

आता इथे कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. नायजेलने कोळसा खात्याची नियमावली काढली. संध्याकाळी अर्नी जेवायला आला तेव्हा त्याने ती चष्मा लावून वाचून दाखवली.

"अं, नियम नऊ. कोळसा लाभार्थ्याच्या राहत्या घरीच जाळावा. तुम्ही बादली घेऊन शेजारी जाता, हे नियमात बसत नाही. मी फक्त लक्षात आणून देतोय."

अर्नीने बटाटा चावून गिळला. "नियमात बसत नाही?"

"नाही."

"बरं झालं सांगितलंस," अर्नी म्हणाला. आयुष्यात त्याने नियम मोडला नव्हता. जमिनीखाली नियम मोडणारा वर येत नाही.

मंगळवारी कोळशाची गाडी गल्लीत आली आणि नायजेलच्या दारावरून पुढे गेली. पोती एल्सीच्या अंगणात उतरली. नायजेल चपलांवरच बाहेर धावला.

"चौदा नंबर. हिंचलिफ. इथे."

गाडीवाल्याने कागद दाखवला. "हिंचलिफ, सोळा नंबर. पत्ता बदललाय, साहेब."

नायजेलने कोळसा खात्याला फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक बाई आल्या.

"थांबल्याबद्दल आभारी आहे. आपण स्वतः लाभार्थी का?"

"नाही. मी जावई आहे. ते माझ्या घरी राहतात, तुमच्या नोंदीत चूक झालीय."

"जावयाशी आम्हाला बोलता येत नाही, क्षमा करा."

"पण ते इथेच झोपतात. वरच्या खोलीत."

"मी आपल्याशी बोलू शकत नाही, पण बोलू शकले असते तर म्हटलं असतं की फॉर्मवर राहता पत्ता सोळा नंबर आहे, आणि खाली सही आहे. अक्षर फार सुवाच्य आहे हो. असे फॉर्म हल्ली येत नाहीत."

"तो फॉर्म रद्द करायचाय."

"लाभार्थ्याने नवा फॉर्म भरावा. आणखी काही मदत करू शकते?"

"नाही," नायजेल म्हणाला. "आपण फारच मदत केलीत."

हे सगळं जॅनिस जिन्यात उभी राहून ऐकत होती. तिला फॉर्मची बातमी अशी कळली. ती खाली आली आणि अर्नीची खुर्ची जिथे होती तिथे गालिच्यावर चार खड्डे पडले होते, त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

"माझ्या बापाने घर सोडलं, नायजेल. लेखी."

"तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर..."

"आई गेल्यावर मी त्यांना सांगितलं होतं, आता हेच तुमचं घर. सहा वर्षं लागली त्यांना ते खरं मानायला." तिचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "रविवारी डेरेकला काय दाखवायचं ते दाखव. सोमवारी बाबा इथे परत यायला हवेत. नाहीतर मी पण फॉर्म भरते. सोळा नंबरात मागची खोली रिकामी आहे."

यानंतर ती त्याच्याशी फक्त मीठ मागण्यापुरतं बोलली.

नायजेलने काय करावं? सरळ शेजारी जावं, म्हाताऱ्याला म्हणावं, चुकलं, चला. दहा पावलांचं अंतर. पण रविवार तोंडावर आला होता, डेरेक येणार होता, आणि टीव्ही खाली घेतला तर डेरेक हसणार होता. साडूच्या हसण्यापायी सासरा घालवणारा जावई आमच्या गावात हाच पहिला.

रविवारी डेरेक आणि त्याची बायको, म्हणजे जॅनिसची बहीण लिन, आले. बाहेर दंव, आत त्याहून जास्त. हीटर टक टक करत होता. जॅनिसने सँडविचं आणून ठेवली आणि भावजींशी हवेबद्दल बोलली.

डेरेकने वर पाहिलं. पाहतच राहिला. मग मान जरा डावीकडे कलवली.

"छान आहे," तो म्हणाला. "उंच आहे." मग हसला. "असाच लावायचा होता का? मी आपलं विचारलं."

"पाणसळीने लावलाय," नायजेल म्हणाला. "सरळ आहे. घर वाकडं आहे."

"हो का."

"बाबा कुठेत?" लिनने विचारलं.

 भिंतीपलीकडून एल्सीच्या टीव्हीचा आवाज येत होता, आणि म्हातारा काहीतरी बोलला तशी ती खुदकन हसली. लिनने कोट परत घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.

सामना सुरू झाला. चौघंही दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यासारखे माना मागे टाकून बसले. अकराव्या मिनिटाला आपला गोलरक्षक चेंडू उचलायला गेला आणि दिसेनासा झाला. गोलही दिसेना. नायजेलला वाटलं, लंडनला धुकं आहे.

"नायजेल," डेरेक म्हणाला, "तुझ्या टीव्हीतून धूर येतोय."

टीव्हीच्या चारही कडांनी संथ, करडा धूर बाहेर येत होता आणि छताला लागून पसरत होता. डेरेक हा कृतीचा माणूस. त्याने अर्ध्या लिटरची बिअर उचलली आणि नायजेल "बटण..." म्हणेपर्यंत पंचावन्न इंचांवर रिकामी केली. फट् असा आवाज झाला आणि आतले सगळे खेळाडू एकदम गेले.

नायजेलने वीज बंद केली. जॅनिसने खिडक्या उघडल्या. दोघा साडूंनी मिळून टीव्ही खाली उतरवला. आयुष्यात प्रथमच त्यांनी काही एकत्र केलं ते हे. मागच्या भिंतीत चार भोकं होती आणि चारही धुमसत होती. खाली शेगडीत जाळ नव्हता. हात घालून पाहिला तर राखसुद्धा गार.

"शेगडी बंद, टीव्ही बंद," डेरेक म्हणाला. "मग पेटलंय काय?"

लिन बाबांना बोलवायला गेली. अर्नी आला, चपला दारात काढल्या, भोकांपाशी तळहात धरला आणि वास घेतला.

"हा माझा धूर," तो म्हणाला.

"तुमचा?"

"पलीकडे मी दोन बादल्या चढवल्यात. सामना आहे म्हणून. आतला पडदा फुटलाय, गाव खचलं तेव्हाच फुटला असणार. इतकी वर्षं दोन्हीकडचा धूर वर जात होता, कुणाला पत्ता नव्हता. आता याने खिडक्या काढून दिल्यात." त्याने नायजेलकडे पाहिलंसुद्धा नाही. "बघ म्हटलं होतं मी."

मग त्याने वर्तमानपत्र ओलं करून चार बोळे वळले आणि चार भोकांत अंगठ्याने घट्ट बसवले. धूर थांबला. सगळं मिळून दोन मिनिटं लागली.

"तिकडे चला," तो म्हणाला. "अजून अर्ध्याहून जास्त सामना आहे. एल्सीने केक केलाय. इथे माणसं मरतील गारठून."

लिन गेली. डेरेकने नायजेलकडे पाहिलं, खांदे उडवले आणि सँडविचांची थाळी घेऊन तोही गेला. जॅनिस दारात थांबली.

"तू?"

"हवा खेळती राहायला हवी," नायजेल म्हणाला. "कुणीतरी थांबायला हवं इथे."

तीही गेली.

नायजेल एकटा उरला. उघड्या खिडकीतून दंव आत येत होतं. भिंतीला टेकून उभा केलेला टीव्ही बिअरचे थेंब गाळत होता. हीटर टक म्हणाला आणि थांबला. अपमान कुणी केला, याचा तो हिशोब लावू लागला, आणि खरं सांगतो, प्रत्येक वेळी यादीत पहिलं नाव त्याचंच येत होतं. ग्लेनला त्याने सुरेख म्हटलं होतं. पुस्तिकेची पानं त्याने उलटली होती. नियम नऊही त्यानेच वाचला होता, चष्मा लावून.

आणि तेवढ्यात भिंतीपलीकडे आरडाओरडा झाला. पाय आपटले, काठी आपटली, जॅनिसची किंकाळी वेगळी ओळखू आली. आपल्या क्लबने लंडनवाल्यांना गोल मारला होता. कुणी मारला, कसा मारला, हे सगळ्या गावात एकट्या नायजेल ओल्डरॉइडला माहीत नव्हतं.

तो उठला. वर गेला, टेबलाच्या खणातून एक कागद काढला. बुधवारीच त्याने तो मागवला होता आणि ठळक अक्षरांत भरून ठेवला होता. सहीची जागा तेवढी रिकामी होती. तेव्हाच दिला असता तर. पण देताना काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि आभार, खेद, दंड यांपलीकडचा परिच्छेद त्याला येत नव्हता.

एल्सीचं दार त्याने उघडलं तशी ऊब अंगावर आली. छोटीशी खोली, कोळसा लालभडक, फळीवर दोन कुत्रे, कोपऱ्यात पुठ्ठ्यावर ठेवलेला वीतभर जुना टीव्ही, आणि समोर दाटीवाटीने सगळे. अर्नीने मान वळवली नाही.

"दार लाव. कोळसा काय झाडाला लागतो?"

नायजेलचं तोंड उघडलं. जॅनिसने डोळे मिटून घेतले. डेरेकसुद्धा चावायचा थांबला. तीस कोटी वर्षं त्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"हो, बाबा," नायजेल म्हणाला आणि दार लावलं.

जॅनिसने डोळे उघडले. अर्नीने पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. दम्याचं काय झालं, असा त्याचा चेहरा होता.

नायजेलने कागद पुढे केला. "पत्ता बदलायचा फॉर्म आहे. चौदा नंबर. मी भरलाय, तुमची फक्त सही हवी. टीव्ही परत वर जाणार नाही. भोकं..." तो थांबला. "भोकं तुम्ही बुजवलीत तर बरं होईल. मला नीट जमणार नाही. माझं चुकलं."

अर्नीने फॉर्म हातात घेतला, लांब धरून पाहिला, पोस्टकोडपर्यंत सगळा वाचला.

"अक्षर चांगलंय," तो म्हणाला. त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. "सामना संपू दे. मग बघू. दुपारचा मात्र मी इथेच बसणार. एल्सीला एकटीला पेटवता येत नाही."

"मला चांगली पेटवता येते," एल्सी म्हणाली. "बस रे पोरा, मधे उभा राहू नकोस. खुर्ची नाही उरली. तो पाय ठेवायचा स्टूल घे."

नायजेल त्या स्टुलावर बसला, गुडघे हनुवटीला लावून, डेरेकच्या बुटांशेजारी. जॅनिसने केकचा तुकडा त्याच्या हातात ठेवला आणि मीठ न मागता म्हणाली, "एक-शून्य आहे." त्याने समोर पाहिलं. तिथून टीव्ही बरोबर डोळ्यांच्या उंचीवर येत होता.